पाली धरणातलं जहाज कुणाचं?

बातमी आली तेव्हा मी धर्मापुरीला एका लग्नाच्या मांडवात माइक तपासत होतो. मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा माझा. एका हातात माइक, दुसऱ्या हातात मोबाईल. वडवणीहून पुतण्याचा फोन आला आणि मी जे ओरडलो, ते चारही भोंग्यांतून गावभर गेलं... "म्हालिंग गेला? कधी?" वाजंत्री थांबली, आचाऱ्याचा झारा कढईवर तसाच राहिला, नवरदेव घोड्यावरून उतरला. पाखरंसुद्धा गप्प झाली असं मी शपथेवर सांगेन. ज्यांनी महालिंगअप्पाला कधी पाहिलं नव्हतं, ती पाचशे माणसं उभी राहिली. आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात आलं : बघा, मेल्यावरसुद्धा माझाच भोंगा वापरून भाव खाऊन गेला!

महालिंगचं वडवणीच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान. आम्ही शाळेपासून एका बाकावरचे. बोलायचं काम माझं, ऐकायचं त्याचं, अशी वाटणी तेव्हाच झालेली. मी एका वाघाचे तीन करून सांगायचो आणि तो मान डोलवायचा. चाळीस वर्षं हे सुरळीत चाललं. मग बसस्टँडसमोर, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर, पत्र्याच्या खोलीत नेट कॅफे निघाला आणि माझं राज्य गेलं.

त्याला जहाजांचा नाद कुठून लागला? तर खिळे बांधायला आणलेल्या रद्दीत एकदा बोटींच्या चित्रांचं मासिक आलं. त्या दिवशी त्यानं गिऱ्हाइकाला खिळे नुसते ओंजळीत दिले, पण पान फाडलं नाही. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्यानं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पालीचं धरण, तेही एस.टी.च्या खिडकीतून. कॅफेत त्याला नेटवरचा मराठी ज्ञानकोश सापडला. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, असा. त्यात जहाजांवरचे लेख पाहून तो माझ्याकडं धावत आला. तोंड असं, की मला वाटलं दुकान लुटलं.

"दत्ता, लई घान करून ठिवलीय बे! लढाईचं जहाज मालवाहूत, बुडालेलं चालूत. नट, बोल्ट, वायसर एका पोत्यात वतल्यावानी!"

"मग तुज्या काय बापाचं जातंय?"

"झोप न्हाई लागनार मला."

आणि बसला लावायला. प्रत्येक लेखाच्या तळाशी वर्ग टाकायचे : कुठल्या देशाचं, कुठल्या साली पाण्यात उतरलं, प्रवासी की मालवाहू, आणि शेवटी त्याचं काय झालं. भारनियमन इतकं, की जिल्ह्यातल्या परळीला वीज बनते ही आम्हाला अफवाच वाटायची. वीज गेली की तो वही काढायचा आणि पुढच्या जहाजांचे वर्ग पेन्सिलीनं लिहून ठेवायचा. वीज आली की भराभरा चढवायचा. त्याला सगळ्यात गंमत कशाची वाटायची, तर दुकानात एक बोल्ट एकाच डब्यात राहतो, इथं एक जहाज चार वर्गांत राहतं आणि तरी कुठंच कमी होत नाही. हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की मला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटायची.

कारण लोक त्याला ऐकायला लागले होते. रत्नागिरीकडचे एक निवृत्त बोट-इंजिनिअर ज्ञानकोशात लिहायचे. साता समुद्रांचं पाणी प्यालेला माणूस! त्यांनी त्याला विचारलं, "साहेब, आपण कोणत्या बोटीवर होतात?" त्यानं उत्तर दिलं, "मी वडवणीत असतो. इथं फक्त एस.टी. येते." त्यावर ते इंजिनिअर त्याला 'गुरुजी' म्हणायला लागले. मग तालुक्याच्या साप्ताहिकात फोटो, मग शाळेत सत्कार. मांडव माझा, खुर्च्या माझ्या, भोंगा माझा. आणि त्या भोंग्यातून तासभर 'जहाजवाले महालिंगअप्पा'. मी खांबामागं उभा राहून वायर धरली होती. ती हातातून सुटली आणि भाषण मध्येच बंद पडलं, हा निव्वळ योगायोग.

आता मुद्द्याचं. एका बाजारच्या दिवशी कॅफेत तो जहाजं लावत बसला होता, मी शेजारी. दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड उडाली म्हणून सांगावा आला, तसा तो उठून गेला. त्याचं खातं तसंच उघडं. मी खुर्ची सरकवली. एका बोटानं दोन तास बडवत मी नवा लेख लिहिला : 'बिंदुसरा'. निजामानं बांधून घेतलेली तीन मजली बोट, वल्ही मारायला दीडशे पैलवान, वर हत्ती. पाली धरणात बुडाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजून डोलकाठीवर बगळे बसतात. खाली वर्ग टाकले, आठवतील तेवढे : प्रवासी जहाजे, लढाऊ जहाजे, बुडालेली जहाजे, सध्या चालू असलेली जहाजे. एवढं सुंदर मी आयुष्यात दुसरं काही लिहिलं नाही.

दोन दिवसांत पकडलं गेलं. धरण निजाम गेल्यावर बांधलेलं. माझी बोट धरणाच्या आधीच धरणात बुडाली होती. ज्ञानकोशवाल्यांनी लेख काढून टाकला, महालिंगला महिनाभर बंदी घातली. रत्नागिरीच्या इंजिनिअरांनी लिहिलं, "गुरुजी, आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती." हे त्यानं वाचलं तेव्हाही मी शेजारीच होतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. फक्त टाइप केलं, "माझ्या नावानं चूक झाली. माफी असावी." आणि उठला.

आठ दिवसांनी मी दुकानात गेलो. तो वहीत पेन्सिलीनं जहाजं लावतच होता.

"कावून येईना बे कॅफेत?"

"बंदी हाय."

"मग हे कशाला लिव्हतूस?"

"बंदी मला हाय. जहाजांनी काय केलंय?"

तेव्हा बोलायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण मनात दुसरंच चाललं होतं : चुकलो मी, आणि मोठा झाला पुन्हा हाच! महिना संपला, तो परत बसला, इंजिनिअर परत 'गुरुजी' म्हणायला लागले. मी गप्प राहिलो ते राहिलोच. तो जाईपर्यंत.

त्याच्या माघारी आराधनेचं, म्हणजे लिंगायतांतलं दिवसांचं, जेवण होतं, त्या दिवशी चार माणसं त्याच्याविषयी बोलायला उभी राहिली. भोंगा अर्थात माझा. कॅफेवाला उठला आणि त्यानं नेमकी तीच गोष्ट काढली. पैलवान, हत्ती, बगळे, सगळं. मांडवात माणसं रडता रडता हसायला लागली. "अप्पा वरून गरीब, आतून लई खट्याळ व्हते!" एक म्हातारा तर पोट धरून सतरंजीवर आडवा झाला. आणि मी? माझ्या जन्मातली सगळ्यात भारी थाप, ती मेलेल्या माणसाच्या नावावर टाळ्या घेत होती. पापाची लाज वाटायला हवी होती; माझा त्या टाळ्यांनी जळफळाट झाला. इतका, की शेवटी माइक माझ्या हातात आला तेव्हा मी फक्त "जेवून घ्या" एवढंच म्हणू शकलो.

परवा दुकानात गेलो. महालिंगच्या पत्नी सुमनवैनी काउंटरवर बसून खिळे तोलत होत्या. म्हटलं, वैनी, ते पाली धरणातलं जहाज... ते मी लिहिलं होतं.

त्यांनी काटा स्थिर होऊ दिला. मग म्हणाल्या, "ठाऊक हाय, भावजी. त्यांनी त्याच दिशी सांगितलं व्हतं."

"मग मला कावून एका शब्दानं बोलला न्हाई?"

"मी बी तेच म्हनलं. तर म्हनले, दत्त्याजवळ गोष्टी पोत्यानं हायत. माज्या मागं लोक काय सांगतील? ह्यानं खिळे तोलले? एक तर गोष्ट ऱ्हाऊ दे माज्या नावावर. लई झाक हाय."

लई झाक हाय... चाळीस वर्षं मान डोलवणाऱ्या माणसानं हे माझ्या तोंडावर एकदाही म्हटलं नव्हतं.

काउंटरमागच्या भिंतीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग आहे. वीज गेली की तो तिथंच डोकं टेकून वही लिहायचा. वैनींनी दिवाळीला भिंत रंगवून घेतली, तेवढी जागा सोडून.

तेव्हा वाचकहो, वर मी जे लिहिलं ते फार मनावर घेऊ नका. बीडपासून परळीपर्यंत कुणालाही विचारा, या दत्ताचं निम्मं बोलणं हवा असतं. ते जहाज महालिंगअप्पाचंच. त्या दिवशी खुर्चीत तो होता, मी नुसता शेजारी बसलो होतो.