नाशिक रोडच्या खोलीतलं पहिलं रेकॉर्डिंग

नंदू, माझा दादा, एका मराठी रॉक बँडचा पहिला ड्रमर. बँडचं नाव लिहीत नाही, तुमच्यातल्या पुष्कळांच्या फोनमध्ये त्यांची गाणी असतील. ती पहिल्यांदा रेकॉर्ड झाली नाशिक रोडला, एका घराच्या पुढच्या खोलीत. दादा तेव्हा तिथे इंजिनिअरिंगला होता. गाणी बाहेर येण्याआधीच तो डेंग्यूने गेला. पुढे कंपनीने सगळी गाणी मुंबईत नव्याने करून घेतली, ड्रम दुसऱ्याने वाजवले. लग्नाच्या हॉलमध्ये त्यातलं एखादं लागलं की आई उठून बाहेर जाते. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं, दादाने वाजवलेलं शोधायचंच.

साताऱ्याहून पुणे आणि तिथून एसटीची इलेक्ट्रिक बस. या रस्त्याने जाणार असाल तर पुणं पहाटेच सोडा. मी उशिरा निघाले आणि चाकणला अडकले. आळेफाट्याला गार वडापाव खाल्ला. संगमनेरनंतर रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं. सिन्नरच्या पुढे घाट लागला तसे मी डोळे मिटले. दादा दवाखान्यात आहे कळल्यावर आम्ही शेजाऱ्यांच्या जीपने याच रस्त्याने निघालो होतो आणि घाटातच बाबांना तो गेल्याचा फोन आला होता.

नाशिक रोडला स्टेशनजवळ स्वस्त लॉज आहेत, मात्र मागच्या बाजूची खोली मागा. माझी पुढची होती, झोप लागली नाही. सकाळी पापड घातलेली मिसळ मागवली. चांगली असावी. मी निम्मी टाकून उठले.

पगारे काकांचं घर रुळांपासून फार लांब नाही. नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी करता करता हौस म्हणून ते घरी भीमगीतं रेकॉर्ड करायचे. दादाच्या बँडलाही त्यांनीच खोली दिली. भिंतींना गाद्या टेकवायच्या, पंखा बंद करायचा आणि दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत गाणं उरकायचं. ड्रम नाशिकच्याच द्वारका चौकातल्या एका बँजो पार्टीकडून भाड्याने यायचे. आता त्या खोलीत सुनेचं शिलाई मशीन आहे आणि धान्याच्या कोठ्या. मी कोण ते सांगितल्यावर काकांनी मशीनपुढची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

त्यांचा जुना कॉम्प्युटर कधीच बंद पडला होता, त्यातलं सगळं गेलं. मला वाटलं, फेरी फुकट गेली. तेवढ्यात काकूंनी आतून एक सीडी आणून दिली. ती टाकून द्यायला काकांनी कधी तयारी दाखवली नव्हती, म्हणाल्या.

मी सोबत नेलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये सीडी घरघरली. मग दादाचा आवाज आला. ‘‘एक, दोन, तीन, चार.’’ लगेच ड्रम सुरू झाले. सीडी थोडी पुढे गेली आणि अडकली. पुन्हा लावली, तिथेच अडकली. तेवढंच मी फोनमध्ये घेतलं.

काका खिडकीकडे बघत बोलले. ‘‘त्या दिवशी अंग तापलं होतं त्याचं. मी म्हटलं, आज राहू दे. तर म्हणे, काका, ड्रम संध्याकाळी परत द्यायचेत. मी थांबवायला पाहिजे होतं, ताई.’’

मी त्यांना म्हटलं, तुमचा काय दोष. ते त्यांना पटलं नाही. खरं तर मलाही ते नीट म्हणता आलं नव्हतं. स्टेशनजवळच्या एसटी स्टँडला जाताना रिक्षात तेच गाणं लागलं होतं, मुंबईतलं. रिक्षावाल्याला बंद करा म्हणावंसं वाटलं, म्हटलं नाही.

जाताना वाटलं होतं, मूळ रेकॉर्डिंग सापडलं तर इथे टाकीन, लोकांना कळू दे कोण वाजवायचं ते. आता टाकणार नाही. तो ठेका आता मुंबईच्या गाण्याशी ताडून बघायचीही इच्छा उरलेली नाही.

घरी आल्यावर आईजवळ बसले. तापाचं तिला सांगायचं नाही, हे बसमध्येच ठरवलं होतं. फोन तिच्या कानाला लावला. दादाने आकडे मोजले, ड्रम सुरू झाले, तशी तिने खूण करून थांबवायला लावलं.

‘‘फक्त बोलतोय तेवढं लाव,’’ म्हणाली.

मी लावलं. तिने डोळे मिटून ऐकलं, परत लावायला सांगितलं, परत ऐकलं.

‘‘आवाज ओढलाय गं त्याचा,’’ आई म्हणाली. ‘‘ताप आहे त्याला.’’