आर्डिथचा श्वास

अमेरिकेतल्या वेल्बी गावात झेंड्यापुढची प्रतिज्ञा सुरू झाली की एक आवाज हमखास पुढे निघून जायचा. सगळं गाव 'देवाच्या छत्राखाली' म्हणत असायचं, तोवर आर्डिथ वोंड्रा 'अविभाज्य' म्हणून मोकळी झालेली असायची. प्रतिज्ञेच्या शेवटी सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय देऊन, छातीवरचा हात खाली घेऊन ती गावाची वाट बघत उभी राहायची. शाळेचा कार्यक्रम असो नाहीतर बास्केटबॉलचा सामना असो, हे ठरलेलं. लोकांना इतकी सवय झाली होती की कुणी वळूनही बघायचं नाही. आर्डिथ म्हणजे जरा घाईची, एवढंच सगळे धरून चालायचे.

घाईची कसली डोंबलाची! अख्ख्या नेब्रास्कात तिच्याइतकी सावकाश बाई सापडली नसती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं जन्म काढला. दर बुधवारी वाटीभर चिली, म्हणजे घेवडा आणि खिम्याचा तिखट रस्सा, आणि सोबत दालचिनीचा रोल. रोलचं पीठ दोनदा फुगल्याशिवाय ती भट्टीला हात लावत नसे, मग मुख्याध्यापक दारात उभे राहून घड्याळ दाखवोत नाहीतर नाचोत. "पिठाला सांगा लवकर फुग म्हणून," ती म्हणायची. "ऐकलं तर मला कळवा."

खरं कारण फार जुनं होतं आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आर्डिथ पहिलीत गेली तेव्हा शेतावरच्या घरापासून शाळेपर्यंतच्या कच्च्या रस्त्यानं ती भावाचं बोट धरून चालायची. लेलंड चार वर्षांनी मोठा, कान हे एवढे, आणि बहिणीची थट्टा करण्यात पटाईत. प्रतिज्ञा तिला त्यानंच शिकवली, कुंपणाच्या खांबांना झेंडा मानून. तेव्हा हात छातीवर नसायचा, झेंड्याकडे सरळ लांब करायचा. पुढे महायुद्धात कुणाच्या तरी लक्षात आलं की शत्रूचे लोकही असाच हात करतात, आणि तो हात छातीवर आला. आणि तेव्हा प्रतिज्ञेत देव नव्हता. 'एक राष्ट्र, अविभाज्य' असं सरळ होतं. आर्डिथची गाडी नेमकी तिथं रुतायची.

"अवि... अविजा... अविभा..."

"थांब गं बोबडे, थांब!" लेलंड पोट धरून हसायचा. "आधी 'एक राष्ट्र' म्हण. म्हटलंस? आता श्वास घे. अजून घे. आता मार उडी!"

ती गाल फुगवून श्वास घ्यायची, डोळे मिटायची आणि उडी मारायची. शब्द अख्खाच्या अख्खा बाहेर पडायचा. मग लेलंड टोपी हवेत उडवायचा आणि पुढच्या खांबाकडे पळायचा. काय दिवस होते ते! आर्डिथ म्हातारपणीही त्या रस्त्यानं गाडी हळू चालवायची.

लेलंड कोरियाच्या लढाईवर गेला. बसमध्ये चढताना त्यानं तिच्या हातात एक डॉलरची नोट कोंबली आणि म्हणाला, "कॅफेत जाऊन चेरी पाय खा, भट्टीतून काढलेला, गरम गरम. मी आलो की सांग कसा होता." तो आलाच नाही. त्याचं शवसुद्धा आलं नाही. आईवडिलांनी दफनभूमीत दगड उभा केला, त्यावर नाव कोरलं, पण दगडाखाली नुसती माती होती. नोट आर्डिथच्या बायबलमध्ये राहिली.

एकोणीसशे चौपन्नच्या सप्टेंबरात आर्डिथ शाळेच्या स्वयंपाकघरात नवीनच होती. ती पीठ लाटत होती आणि शेजारच्या वर्गातून प्रतिज्ञा ऐकू येत होती. सरकारनं उन्हाळ्यात दोन शब्द वाढवले होते, ते मुलं त्या दिवशी पहिल्यांदा म्हणत होती. 'एक राष्ट्र' झालं, आर्डिथनं सवयीनं श्वास घेतला, आणि त्या श्वासाच्या जागी मुलं म्हणाली, 'देवाच्या छत्राखाली.' तिचं लाटणं थांबलं. त्या दिवशी रोल जाडजूड झाले.

ती देवावर रुसली होती असं मात्र कुणी समजू नये. रविवारची प्रार्थना तिनं कधी चुकवली नाही. पण देवाला सगळं आभाळ मोकळं असताना, सरकारनं त्याला नेमकं आपल्या आणि लेलंडच्या मधे आणून बसवावं, हे तिला सोसलं नाही. लेलंडचं तिच्याजवळ उरलं होतं काय? एक नोट आणि हा श्वास. ते दोन शब्द तिनं कधी उच्चारले नाहीत. श्वासाची जागाच भरून गेली, म्हणून मधे श्वासही घेईना. तिथून ती भरकन पुढे निघून जायची.

असं जवळजवळ पन्नास वर्षं चाललं. मग पश्चिमेकडच्या कुठल्याशा कोर्टानं निकाल दिला की शाळेत मुलांकडून ते दोन शब्द म्हणवून घेणं बरोबर नाही. झालं! सारा देश खवळला. त्या वर्षी हवापाण्यावर बोलायला उठलेला माणूसही देशाला देवाचा आशीर्वाद देऊनच खाली बसायचा. आणि गावाच्या कानाला आर्डिथचा आवाज एकाएकी टोचू लागला.

"कॅफेत म्हणतात, तू देव सोडलास म्हणून," तिची मैत्रीण नोर्मा चर्चच्या पायऱ्यांवर कुजबुजली.

"आणि आता मी कुठून बाहेर पडतेय? दारूच्या गुत्त्यातून?" आर्डिथ म्हणाली.

पण मनाला लागलंच. ज्यांना हातानं वाढलं, ती माणसं पाठीमागे बोलत होती.

त्यात आला मे महिन्यातला, लढायांत गेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन. कोरियाची लढाई थांबली त्याला पन्नास वर्षं होत होती. त्या लढाईत वेल्बीचा एकच माणूस गेला होता, तेव्हा त्याच्या दगडापुढे प्रतिज्ञा त्याच्या बहिणीनं सांगायची असं आधीच ठरलं होतं. आर्डिथनं त्यासाठी निळा झगा शिवून घेतला होता. आठवडाभर आधी माजी सैनिकांच्या संघटनेचा प्रमुख गेलन काउफमन तिच्या घरी, स्वयंपाकघरात आला. स्वतः व्हिएतनामला जाऊन आलेला धिप्पाड गडी, पण इथं आला की पोरासारखा टोपी हातात घेऊन उभा राहायचा.

"मिस आर्डिथ, आपले खासदार, काँग्रेसमन येणार आहेत. पेपरवाला येणार आहे."

"येऊ देत. रोल जास्तीचे करते."

"तसं नाही हो. ते दोन शब्द... तुम्ही म्हणाल ना?"

"नाही."

"अहो दोनच तर शब्द आहेत!"

"दोनच आहेत तर तूच सोड की."

गेलननं खिशातून डॉलर काढून टेबलावर ठेवला. "हे बघा. नोटेवरसुद्धा छापलंय, देवावर आमचा भरवसा. सगळ्या देशाला चालतं, तुम्हालाच काय होतं?"

आर्डिथनं हात पुसले, आतून बायबल आणलं आणि लेलंडची नोट त्याच्या नोटेशेजारी ठेवली. "ह्याच्यावर दाखव."

गेलननं नोट उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. देव कुठंच नव्हता; ते वाक्य नोटांवर नंतर आलं होतं.

"लेलंडनं दिलेली आहे. ह्या नोटेला चेरी पाय मिळाला नसता का? की तेव्हा देव सुट्टीवर होता?" मग ती खुर्चीत बसली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं, कच्चा रस्ता, खांब, टोपी, श्वास. "त्या दगडाखाली काही नाही रे गेलन. तो असलाच तर तेवढ्या श्वासात आहे. तिथं मी दुसरं काही भरलं तर तो कुठं जाईल?"

गेलननं आपली नोट उचलून खिशात घातली. "गाव मला फाडून खाईल," तो म्हणाला. "तुम्ही म्हणणार नसाल तर नोर्माला सांगावं लागेल. मला माफ करा."

"नोर्माला नको. मी येते," आर्डिथ म्हणाली. म्हणजे नक्की काय, हे विचारायची गेलनची छाती झाली नाही.

स्मृतिदिनाला दफनभूमीत कॉफीच्या डब्यांतून पिओनीची फुलं ठेवली होती आणि वारा सुटला होता. काँग्रेसमन पुढे उभे होते. आर्डिथ निळ्या झग्यात माईकपाशी आली, लेलंडच्या दगडाकडे तोंड करून तिनं छातीवर हात ठेवला आणि सुरुवात केली. गाव तिच्याबरोबर म्हणू लागलं, कान टवकारून.

"एक राष्ट्र," आर्डिथ म्हणाली, आणि थांबली.

तिनं श्वास घेतला. गाल फुगवून, डोळे मिटून, पहिलीतल्या पोरीसारखा. माईकमधून तो सगळ्या दफनभूमीला ऐकू गेला. तेवढ्यात गाव म्हणालं, 'देवाच्या छत्राखाली', आणि मग आर्डिथनं उडी मारली. 'अविभाज्य' हा शब्द ती आणि गाव इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकदम म्हणाले. गेलनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायचंही सुचलं नाही.

ती ते शब्द म्हणाली की नाही, यावर कॅफेत महिनाभर वाद झाला. काही म्हणाले म्हणाली, काही म्हणाले नाही. गेलनला विचारलं की तो म्हणायचा, "तुम्ही रोल खा." पुढे मात्र हळूहळू त्यानं ज्याला त्याला ती कच्च्या रस्त्याची गोष्ट सांगितली.

आर्डिथ गेली, त्यानंतरच्या स्मृतिदिनाला दुसरेच काँग्रेसमन आले होते. माईकपाशी गेलन होता. 'एक राष्ट्र' म्हणून त्यानं श्वास घेतला. त्यानं कुणाला काही सांगून ठेवलं नव्हतं, पण सगळ्या गावानं त्याच्याबरोबर श्वास घेतला, म्हाताऱ्यांनी, पोरांनी, नोर्मानं. पाहुणे काँग्रेसमन तेवढे खणखणीत आवाजात 'देवाच्या छत्राखाली, अविभाज्य' म्हणत पुढे निघून गेले, आणि आपण एकटेच बोलतोय हे कळल्यावर गप्प झाले. छातीवर हात ठेवून ते गावाची वाट बघत उभे राहिले. लेलंडच्या दगडाशेजारी आता आर्डिथचा दगड होता. गावानं श्वास सोडला आणि सगळे मिळून पुढचं म्हणू लागले.