अण्णांचा पाण्यावर विश्वास नव्हता

१२ ऑक्टोबर. बेंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या आमच्या इमारतीत तळघराच्या उतारावर पाणी अडवायला रचलेली वाळूची पोती हलवायचं काम मी काढलं होतं. पहिलं पोतं उचलायच्या आत दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा खाली आले आणि त्यावर बसले.

"कुणाला विचारून काढता, सेक्रेटरीबाई?"

"गणपती कधीच गेले, अण्णा. पूर संपला."

"तुमच्या सांगलीचा संपला."

अण्णा आता नाहीत. तीन पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी घरातले. सगळी नोकरी नद्यांची पातळी मोजण्यात गेली. नवा भाडेकरू आला की नावाआधी विचारायचे, "तुमच्याकडे पूर कोणत्या महिन्यात येतो?" माणूस कुठेही गेला तरी गावच्या नदीचं कॅलेंडर डोक्यातून काढत नाही, असं त्यांचं म्हणणं. हवामानाचं अ‍ॅप, बिल्डर, कोरडा नाला, कशावरच त्यांचा भरवसा नसे. रोज सकाळी मागच्या नाल्यात काठी घालून गाळ मोजायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे. सोसायटीची निवडणूक जवळ आली होती. त्या वहीत माझ्याविरुद्धची तक्रार शिजतेय, याबद्दल मला शंका नव्हती.

"कृष्णेला पाणी घाटावरून येतं, आषाढ-श्रावणात," ते म्हणाले. "इथे पाऊस परत जाताना झोडपतो, तोही संध्याकाळी. नाला तुंबला की पाणी तलावाकडे जायचं सोडून तुमच्याकडे येतं. मद्रासकडे तर अजून सुरूही नाही. स्वल्प थांबा, दिवाळी होऊ द्या."

"पोत्यांना गाड्या घासतात. बोलणी मी खाते."

"सरी, बरं तर," म्हणून ते उठले. इतक्या सहज उठले की माझा संशय वाढला.

पोती गेली. दुपारी पाहते तर अण्णा वॉचमनची ट्रंक जिन्यावरून वर स्वतःच्या घरी नेताहेत. वॉचमन आणि त्याची बायको पार्वती तळघरातल्या खोलीत राहत; पार्वतीला आठवा महिना होता.

"हे नियमात बसत नाही, अण्णा."

"मग सभेत मांडा माझी तक्रार."

मी फोटो काढून ठेवला. पुरावा असावा.

तिसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास पाऊस आला. अर्ध्या तासात उतारावरून पाणी धावत खाली शिरलं. मी जिन्यात उभी राहून पाहत होते. पार्वतीच्या खोलीचं दार आतल्या बाजूला नाही, बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं. आणि बाहेर कडीपर्यंत पाणी होतं. आत कुणी असतं तर दार हललं नसतं.

अण्णा मागे येऊन उभे राहिले. आता ऐकवणार, म्हणून मी तयार होते. त्यांनी वही काढून वेळ लिहिली. मी वाकून पाहिलं. पानभर तारखा आणि गाळाची मापं. माझं नाव कुठेच नव्हतं.

"आता तरी पूर संपला ना?" मी विचारलं.

"त्याने मला तसं सांगितलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या मजल्यावरच्या सोसायटीच्या ऑफिसातलं टेबल आणि कपाट माझ्या हॉलमध्ये आणलं, ऑफिस झाडून घेतलं आणि किल्ली पार्वतीच्या हातात दिली.