अण्णांचं ‘न्हाई’

आमच्या दूध संस्थेचे सचिव शहादेव अण्णा यांचं अक्षर पाटोद्याच्या तहसीलमध्येसुद्धा ओळखू यायचं. दसरा-दिवाळी उरकली की आमच्या वस्तीवरची निम्मी माणसं ऊस तोडायला जायची. मागं राहायची म्हातारीकोतारी आणि जनावरं. त्यांचे सगळे अर्ज अण्णाच लिहायचे. बोलायचे अस्सल वस्तीवरचं, पण पेन हातात आलं की ‘न्हाई’चं ‘नाही’ व्हायचं आणि शेवटी ‘सबब विनंती’ यायचं. मी एकदा विचारलं, अण्णा, हे कसं काय?

“हाताला गुरुजीनं छडीनं मारलंय, मुंजा,” ते म्हणाले. “तोंडाला कोन मारनार?”

मी मुंजाजी. संस्थेत दूध मापतो, फॅट काढतो आणि कॉम्प्युटरही मीच बघतो, कारण दुसरं कुणी त्याला हात लावायला तयार नव्हतं.

काचबिंदूनं अण्णांचे डोळे हळूहळू नेले. बीडला दाखवून झालं, औरंगाबादला झालं, सगळीकडे एकच उत्तर मिळालं की यायला उशीर केलात. जाणाऱ्याला उशीर झाला एवढंच सांगायचं असेल तर ते एसटीचा कंडक्टरही सांगतो. बायको मंजुळाबाई त्यांना हाताला धरून संस्थेत आणून बसवायच्या. अण्णा दिवसभर खुर्चीत बसायचे आणि मी लिहिलेल्या कागदावर सही करायचे. सही मात्र तशीच, वळणदार.

मग बीडच्या एका शिबिरात त्यांना कळलं की आपण बोललेलं कॉम्प्युटर मराठीत लिहितो आणि लिहिलेलं वाचूनही दाखवतो. संस्थेच्या कॉम्प्युटरवर दोन्ही सॉफ्टवेअर बसवून घेतली. पहिल्या दिवशी अण्णा माईकपुढं ताठ बसले आणि आपलं नाव म्हणाले. पडद्यावर उमटलं, ‘शहादेव’. काना-मात्रा बरोबर! स्पीकरमधून एका परक्या आवाजानं ते वाचून दाखवलं. अण्णांनी ते तीनदा ऐकलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. दिसत नसले तरी डोळ्यांना पाणी येतंच.

अडचण झाली ती एका शब्दाची. अण्णा ‘न्हाई’ म्हणायचे आणि यंत्र लिहायचं ‘न्हावी’. सभेच्या वृत्तांतात आलं, ‘मागील सभेला अध्यक्ष हजर न्हावी.’ अध्यक्ष खवळले, बाकीचे पोट धरून हसले. अण्णाही हसले. पण पुढं दर कागदात दहा-दहा न्हावी निघायला लागले, तेव्हा त्यांचं हसू गेलं. ‘नाही’ म्हणायचा त्यांनी लई प्रयत्न केला. सुटा शब्द नीट यायचा, वाक्याच्या ओघात जीभ घसरायचीच.

“साठ वर्सं न्हाई म्हनलोय. आता जिभेला कुनाची छडी लावू?”

सॉफ्टवेअरमध्ये एक यादी होती. ऐकू येणारा शब्द डावीकडं लिहायचा, त्याच्या जागी हवा असलेला उजवीकडं. मी म्हणालो, अण्णा, तुमच्या न्हाव्याचा मी बंदोबस्त करतो. डावीकडं ‘न्हावी’ लिहिलं, आणि उजवीकडं ‘नाही’ लिहिणार तेवढ्यात दुधाच्या गाडीचा हॉर्न वाजला. त्या ड्रायव्हरला दोन मिनिटं दम निघत नाही. मी तसंच सेव्हचं बटण दाबून कॅन उचलायला पळालो. परत आल्यावर पाहिलं तर पडद्यावर न्हावी यायचा बंद झाला होता. मी खूश झालो. त्या जागी काय येतंय हे बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

हे दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यातलं. पाऊस दगा देऊन गेला होता, संस्थेत चारशे लिटरवरून साठ लिटर दूध यायला लागलं होतं. ऊसच वाळला म्हणून तोडीला गेलेली माणसं लवकर परत आली होती, आणि वस्ती टँकरवर जगत होती. त्यातच, यादी केली त्याच दुपारी व्होल्टेज वाढलं आणि कॉम्प्युटरचा स्पीकर जळाला. अण्णांचे दुसऱ्यांदा गेलेले डोळेच म्हणा ते. नवा स्पीकर पुढच्या सभेत मंजूर करू, असं ठरलं.

त्याच आठवड्यात टँकर यायचा थांबला. चार दिवस वाट बघून वस्तीची माणसं अण्णांकडं आली. अण्णा माईकपुढं बसले आणि स्वच्छ आवाजात सांगू लागले, “चार दिवस झाले, वस्तीवर टँकर आला न्हाई. विहिरीला पाणी न्हाई. जनावरे पाजायला दुसरी सोय न्हाई. सबब विनंती, योग्य ती कार्यवाही व्हावी.” सांगून झाल्यावर म्हणाले, “मुंजा, एकडाव वाचून दाखव.”

माझे हात कॅन धुण्यात बुडालेले. “बरोबर हाय, अण्णा,” मी तिथूनच म्हणालो. मग हात पुसून कागद काढला, त्यांचं बोट सहीच्या जागेवर टेकवलं, अर्ज पाकिटात घातला.

आठ दिवस गेले तरी टँकर येईना, म्हणून मी तहसीलला गेलो. कारकुनानं फाईल काढून माझ्यापुढं सरकवली. ‘चार दिवस झाले, वस्तीवर टँकर आला. विहिरीला पाणी. जनावरे पाजायला दुसरी सोय.’ खाली अण्णांची वळणदार सही.

“तुमची सोय झाली असं तुम्हीच कळवलंत,” कारकून म्हणाला. “तुमच्या खेपा दुसऱ्या गावाला दिल्या. आता नवा ठराव, नवा प्रस्ताव, मग पाहणी.”

“साहेब, ही मशीनची चूक हाय.”

“मशीनची चूक कोणत्या रकान्यात लिहू ते सांगा.” तो रागावला नव्हता. त्याच्या कागदात खरंच तसा रकाना नव्हता.

मी वस्तीवर परत आलो तर सगळी विहिरीवर जमलेली. तळाशी झिरपणारं पाणी वाटीनं भरायला मंजुळाबाई खाली उतरल्या होत्या. पायरीवरून घसरून त्यांचा खुबा मोडला होता. चौघांनी त्यांना बाजेवर घालून वर काढलं. अण्णा काठावर उभे होते आणि प्रत्येकाला विचारत होते, “आली का वर? आली का?” त्यांना धरून पुढं न्यायला मात्र कुणी नव्हतं, कारण धरणारी बाजेवर होती.

यंत्रानं ‘न्हाई’ खाल्लं, एवढंच मी सांगितलं. उजवीकडच्या रिकाम्या जागेचं सांगितलं नाही. संस्थेत जाऊन यादीतली ती ओळ गुपचूप पुसून टाकली. वस्ती म्हणाली, अण्णाचे डोळे गेले, आता डोकंही गेलं. अण्णांनी ऐकून घेतलं. माझीच जीभ अडाणी, असं ते ज्याला त्याला सांगत राहिले. मला लाज वाटत होती, तरी मी गप्प होतो.

नवा प्रस्ताव लिहायला अण्णा पुन्हा माईकपुढं बसले. आधी त्यांनी पाढे म्हणावेत तसं “नाही, नाही, नाही” म्हणून घेतलं. माईक चालू होता. मी शेजारी उभा होतो. मधेच ते थांबले.

“मुंजा, त्या दिशी तू कागद वाचला व्हतास का रं?”

मी म्हणालो, “न्हाई, अण्णा.”

अण्णांनी पडद्याकडं तोंड वळवलं. मग हळूच म्हणाले, “आता काय उमटलंय, वाच.”

मी पडद्याजवळ वाकलो. अण्णांचा प्रश्न यंत्रानं जवळजवळ बरोबर लिहिला होता. त्याच्या खाली माझं उत्तर होतं. ते मी जसंच्या तसं वाचलं.

“न्हावी, अण्णा.”