सुई नसेवर बसली नव्हती

निमोणे गावात अजूनही कुणाचं मांजर लंगडायला लागलं की आमच्या बोक्याची गोष्ट निघते. माझ्या बायकोनं त्याला इन्सुलिनची सुई टोचली, ती नसेवर बसली आणि त्याचे मागचे पाय गेले, अशी ती गोष्ट आहे. ती खोटी आहे. खरं काय ते मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. आता वय झालं, तेव्हा लिहून ठेवतो.

बोका कांद्याच्या चाळीत सापडलेला, डोळेही न उघडलेला. हिनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवला. ही भाकरी करायला बसली की तो तिच्या गुडघ्याला पाठ लावून बसायचा. पहिल्या भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून त्याला मिळायचा, वर माझ्या वाटीतली साय. आम्ही माळकरी. माझ्या वडिलांपासून या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. बोका रानात उंदीर मारायचा तो त्याचा प्रश्न. घरात मात्र तो आमच्यासारखाच जेवायचा. "आमचं मांजरबी माळकरी हाय," असं मी पाहुण्यांना सांगायचो. लोक हसायचे आणि मला बरं वाटायचं.

मग तो खंगत गेला. बादलीत तोंड घालून पाणी पीत राहायचा. मुतेल तिथे मुंग्या लागायच्या.

"आवो, याला तुमचंच दुखणं झालंय," ही म्हणाली.

मला बरीच वर्षं मधुमेह आहे. माझा हात कापतो म्हणून माझं इन्सुलिन तीच द्यायची. मांजराला कुठे साखर होते, म्हणून मी हसलो. शिरूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बोक्याचं रक्त तपासून तेच सांगितलं.

मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई कशी द्यायची हे त्यांनी हिला दाखवलं. तिला फार दाखवावं लागलं नाही. ती बोक्याला पिशवीत घालून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "काका, नुसत्या सुईनं भागणार नाही. दूध-भाकरी बंद करा. उकडलेलं चिकन, अंडं, मासे, एवढंच द्या. साखर अशीच राहिली तर मागचे पाय जातील." बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्या गळ्यातल्या माळेकडे गेलं. "तुम्हाला अवघड आहे, कळतंय मला," ते म्हणाले.

"बघतो," मी म्हणालो.

बाहेर हिनं विचारलं, "खायला काय सांगितलं?"

"हाय तेच."

तेव्हा ते मला खोटं बोलल्यासारखं वाटलंही नाही. घर राखल्यासारखं वाटलं.

सुईची वेळ ही कधी चुकवत नव्हती. तरी बोका टाचा टेकून चालायला लागला. ओट्यावर उडी मारायचा, अर्ध्यातून खाली यायचा, आणि काही झालंच नाही असं दाखवत पंजा चाटत बसायचा. शेजारीण बघायला आली. "आक्का, सुई नसंवर बसली गं तुझी. माझ्या चुलत्याचा पाय असाच गेला."

"पायाची नस मानंत आसती व्हय गं?" हिनं ते हसण्यावारी नेलं. पण त्यानंतर सुई टोचण्याआधी ती बोटांनी त्याची मान चाचपत राहायची.

मग हिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि बोक्याला दौंडला मुलीकडे ठेवलं. तिथे सुई जावई द्यायचे. काही आठवड्यांनी मुलीचा फोन आला. "आप्पा, बोका खिडकीत चढून बसलाय!" मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "आईला सांगू नका, तिला चालायचं न्हाई. आम्ही कोंबडी उकडून घालतोय त्याला. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं."

मी हिला फक्त खिडकीचं सांगितलं. डोळ्याला हिरवं कापड लावून ती खाटेवर बसली होती. आधी हसली. मग आपली बोटं चोळत राहिली.

"म्हंजी जावयाच्या हातानं बरा झाला," ती म्हणाली.

मला तिथेच बोलता आलं असतं. मी बाहेर जाऊन गोठ्यातलं शेण भरायला लागलो.

बोक्याला परत आणलं तेही मीच. मुलगी म्हणाली, राहू द्या इथं. मी म्हणालो, तुझ्या आईला करमत नाही. खरंच करमत नव्हतं तिला. घरी आल्यावर तिनं पहिल्याच भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करला, आणि मी समोर बसून बघत राहिलो.

या वेळी पाय लवकर गेले. तो पुढच्या पायांनी स्वतःला ओढत चुलीपाशी यायचा. एक दिवस तिनं भरलेली सुई खाली ठेवली. "मी न्हाई देणार आता. माझ्या हातात कायतरी हाय." माझीही सुई तिनं सोडली. "तुमचंबी पाय जातील," म्हणाली. बोक्याला मीच टोचायला लागलो. माझ्या कापऱ्या हातानं अर्धं औषध केसांतच सांडायचं. तो ओरडायचा नाही, हिच्याकडे बघायचा. एका दुपारी तिच्या मांडीवरच गेला. जाताना तिचा पदर त्याच्या नखात अडकला होता, तो तिनं बराच वेळ सोडवला नाही.

त्याची वाटी घासून ती फडताळात ठेवत होती, तेव्हा मी सगळं सांगितलं. शिरूरचं, दौंडचं. वाटी हातात तशीच धरून तिनं ऐकलं.

"मला सांगायचं हुतं," ती म्हणाली. "गोठ्यामागं तीन दगडांची चूल मांडली असती. येगळं भांडं केलं असतं." वाटी फडताळात ठेवून म्हणाली, "माळ तुमच्या गळ्यात हाय. त्याच्या गळ्यात न्हवती."

ती रडली नाही, भांडली नाही. माझी सुई मात्र तिनं परत हातात घेतली नाही, ती अजून गावातला कंपाउंडरच देतो.

परवा शेजारीण आमच्याकडे चहाला बसली होती. तिच्या कुत्र्याला डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं होतं. "आक्का, तुला न्हाई बया सांगत. पाय घालवशील त्याचं," ती थट्टेनंच म्हणाली. ही हसली नाही. बशीतला चहा तसाच धरून बसली.

मी बोललो. शेजारणीच्या तोंडावर सगळं सांगितलं: डॉक्टर काय म्हणाले, मी हिला काय सांगितलं, दौंडला तो कशानं बरा झाला, परत कुणी आणला. "हिच्या हाताचा काय दोष न्हाई. दोष माझा," म्हणालो.

शेजारणीनं डोळे मोठे केले. मग मान हलवून म्हणाली, "मग बरोबरच केलं की आप्पा. मांजरापायी घर बाटवायचं व्हय? दुसरा आसता तर आणली आसती कोंबडी. तुम्ही माळ राखली."

हिनं बशी खाली ठेवली आणि उठून आत गेली. शेजारीण माझ्याकडे कौतुकानं बघत होती.