घरमालकांची पारख

माणसाच्या चेहऱ्यावरून त्याचा स्वभाव ओळखणारे लोक गल्लोगल्ली भेटतात, पण आमच्या भोरच्या घरमालकांचा चेहरा या गोष्टीवर काडीइतकाही विश्वास नाही. चेहरा खोटं बोलतो, जीभ तर बोलतेच. खरं बोलतं ते फक्त पोट, आणि तेही दुसऱ्या दिवशी सकाळी, असं त्यांचं ठाम मत आहे. हे मत त्यांनी हवेतून काढलेलं नाही. उभी नोकरी त्यांनी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात केली. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वस्त्यांवर, पानशेतच्या धरणाकाठी, आधी पायी आणि मग एका खडखडत्या मोटरसायकलवर फिरून त्यांनी गाई-म्हशी तपासल्या. मुक्या जनावराला 'काय होतंय' विचारून उपयोग नसतो, तेव्हा मागल्या बाजूला जाऊन शेण बघायचं, ही सवय त्यांना लागली. निवृत्तीनंतर जनावरं सुटली, सवय काही सुटली नाही. आम्ही वरची जागा बघायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही, की कुठले पाहुणे म्हणून विचारलं नाही. माझ्या नवऱ्याकडे नीट बघून ते म्हणाले, "पोट साफ असतं का?" नवरा मुळात लाजाळू, तो कसाबसा "हो" म्हणाला. "मग राहा," म्हणून त्यांनी किल्ली काढून दिली. एकदा वरच्या आळीतले एक वकील त्यांच्या ओसरीवर बसून तासभर आपल्या मोठेपणाच्या गोष्टी सांगत होते. घरमालक मान हलवत ऐकत राहिले, आणि वकील फाटकाबाहेर पडल्यावर मला एवढंच म्हणाले, "गॅस हाय."

अशा माणसाच्या डोक्यावर आमची मुलगी रांगू लागणार होती. तिचा जन्म झाला तेव्हा पेढ्यांबरोबर त्यांना पहिली बातमी हवी होती ती वजनाची नव्हे, की ती कुणासारखी दिसते याचीही नव्हे. पहिले तीन महिने तर त्यांना सणच होता. अंगावरच्या दुधावरची पोर, दिवसातून सहा-सात वेळा दुपटं बदलावं लागायचं, आणि गॅलरीत दुपटी धुवायला घेतली की खालून प्रश्न यायचा, "रंग?" मी सुरुवातीला लाजून आत पळायचे. पुढे पुढे माझ्याच तोंडून "पिवळा" असं निघून जायला लागलं. "झेंडूवानी का हळदीवानी?" "झेंडू." मग ते समाधानाने चहाला जायचे. मध्ये एकदा चार दिवस काहीच झालं नाही आणि मी घाबरले, तेव्हा त्यांनीच धीर दिला. पोर खेळतेय, पितेय, पोट मऊ आहे, मग आईच्या दुधातलं वाया जायला काही उरलं नसेल, असं त्यांचं म्हणणं. बाळाच्या डॉक्टरीणबाईंनीही तिला तपासून जवळपास तेच सांगितलं, फक्त त्यांनी बोलताना वासराचा दाखला दिला नाही.

मी खाजगी शाळेत शिकवते. मुलगी चार महिन्यांची होत आली आणि माझी रजा संपली. सकाळ-संध्याकाळ अंगावर पाजायचं आणि दिवसा पावडरचं दूध, असं डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलं. दिवसा तिला सांभाळायला किकवीहून सासूबाई आल्या. आठवड्याभरात दुपट्यातली झेंडूची फुलं नाहीशी झाली. आधी मातीचा रंग आला, मग एके दिवशी शेवाळासारखा हिरवा, आणि वास म्हणाल तर मोठ्या माणसाला शोभेल असा. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मी न्हाणीत दुपटं हातात घेऊन उभी राहिले आणि मला रडू आलं. तोवर तिच्या अंगाला, कपड्यांना, सगळ्यालाच एक आंबूस दह्यासारखा वास असायचा, तो माझ्या दुधाचा होता. तो गेला होता. शाळेत मुलांना बेरजा शिकवायला मी माझ्या पोरीला परकी केली, असं काहीतरी त्या वेळी मनात आलं.

घरमालक जिना चढून वर आले. त्यांनी दुपटं उजेडात धरून पाहिलं आणि खुर्चीत बसून शांतपणे सांगितलं, "मास्तरीणबाई, चारा बदलला की शेण बदलतंच. त्यात तुमचा काय गुन्हा न्हाई. तिची आतडी नवीन दूध शिकायलीत. तुमच्या पोरांना तरी पाढे एका दिसात येत्यात का?" माझ्या लेकीच्या संदर्भात चारा आणि शेण हे शब्द ऐकून मला राग यायला हवा होता. पण त्या सगळ्या दिवसांत कुणी मला 'तुमचा गुन्हा नाही' असं म्हटलं नव्हतं. मी डोळे पुसून त्यांना चहा दिला.

त्या दिवसापासून त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नोंद सुरू केली. झाली तर बरोबरची खूण, नाही झाली तर गोल. तिसऱ्या आठवड्यात ओळीने तीन गोल पडले. घरमालकीणबाईंना या पद्धतीची कल्पना नव्हती. त्यांनी ते दुधाचे खाडे समजून गवळ्याला दारात उभं केलं आणि तीन दिवस दूध का घातलं नाही म्हणून असं फैलावर घेतलं, की तो बिचारा शेवटी आपणच विसरलो असू असं कबूल करून गेला. इकडे वर मात्र हसण्याजोगं काही नव्हतं. चौथ्या दिवशी मुलीला झाली ती शेळीच्या लेंडीसारखी, कडक, आणि त्या वेळी ती लालबुंद होऊन असं रडली की सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. उठल्या त्या एरंडेलाची बाटली घेऊनच. घरमालकांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "आक्का, रंग बदलला तवा मी काय बोललो न्हाई. ही लेंडी येगळी. हितं आपलं काम न्हाई, डॉक्टरकडं न्यायची."

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं आणि दूध कसं करता ते विचारलं. मी पाठ म्हणून दाखवलं: आधी मोजून पाणी, मग सपाट चमचा, चमच्यावर शीग नाही. त्यांनी मान डोलावली. हे अगदी असंच होत असेल तर दोन-तीन दिवसांत फरक दिसेल, नाही तर परत आणा, म्हणाल्या. 'असंच होत असेल तर' हे शब्द मी नुसते ऐकले. घरी आल्यावर मी ते घरमालकांना सांगितले आणि विसरले, ते मात्र विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते काहीतरी निमित्त काढून वर जाऊन बसले. मी शाळेतून आले तेव्हा ते फाटकापाशीच उभे होते. मला काही न सांगता माझ्याबरोबर जिना चढले, चहा मागितला आणि सासूबाईंना एक गोष्ट सांगायला लागले. पानशेतच्या बाजूला एक म्हातारी होती. तिची गाय मेली, वासरू मागे राहिलं. म्हातारीचा जीव वासरावर. ती त्याला पेज घालायची ती घट्ट, पाणी म्हणून दाखवायची नाही, वर दोन मुठी पीठ जास्तीचं. वासराचं पोट गच्च झालं, शेण बंद. म्हातारी म्हणायची, मी तर जास्तीच घालते.

गोष्ट संपली तरी सासूबाई खाली बघत होत्या. मग पदराने तोंड पुसून त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या घरचं दूध चाळीस वर्सं डेरीला जातंय. थेंबभर पाणी कदी घातलं न्हाई म्या. परक्याच्या लेकरासाठी न्हाई घातलं, आन आपल्याच नातीला एवढ्या पाण्यात येवढीशी भुकटी घालून देऊ? माझ्या हातनं न्हाई झालं ते." पाणी निम्मं आणि चमचे शिगोशीग, वर एक ताकदीचा, असं त्यांचं माप होतं. आठवडाभर माझ्या मनात जो राग कुणावर तरी निघायचा होता, तो त्यांच्यावर निघायला हरकत नव्हती. पण त्यांनी लगेच विचारलं, "आता मला किकवीला लावून देणार का?" घरमालकच म्हणाले, "कुठं लावून देत्यात. हिकडं या आक्का, मी पाणी मोजतो, तुमी भुकटी घाला." दोघं ओट्यापाशी उभी राहिली. सुरीच्या पाठीने घरमालकांनी चमच्यावरची शीग सपाट केली तेव्हा सासूबाईंनी मान फिरवली, पण चमचा ओतला.

तिसऱ्या दिवशी मी चौथीच्या वर्गात होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, शिक्षकांच्या खोलीतल्या फोनवर तुमच्या घरमालकांचा निरोप आहे, झाली म्हणून सांगा, चांगली झाली. मधल्या सुट्टीत मी खोलीत शिरले तर मुख्याध्यापिकांनी माझा हात हातात घेतला. आम्ही राहतो तीच जागा आम्ही विकत घेतली आणि खरेदी झाली, असा सगळ्यांचा समज झाला होता. कोणीतरी पेढे मागितले. मी पेढे आणून दिले. खरं कारण सांगण्यापेक्षा ते सोपं होतं, आणि आनंदही काही कमी नव्हता.

मुलगी आता तीन वर्षांची होईल. सासूबाई किकवीला परत गेल्या, महिन्यातून एकदा एसटीने येतात. परवा घरमालक वर आले होते तेव्हा मुलगी संडासात निघाली. ते सवयीने तिच्यामागे गेले. तिने वळून त्यांना हाताने थांबवलं, "आजोबा, तुमी भाईर," म्हणाली आणि दार लावून घेतलं. ते तिथेच उभे राहिले. मी त्यांना बसा म्हटलं, पण ते बसले नाहीत. "आमची पोरगी येवढी असताना मी तिकडं डोंगरात असायचो," ते म्हणाले. "म्हयन्यातनं दोनदा घरी. साऱ्या येल्ह्याच्या वासरांची पोटं मला ठावं. तिनं पयल्यांदा दार लावून घेतलं, तो दिवस कुठला, ते मला ठावं न्हाई."

आतून हाक आली, "आई." ते चटकन पुढे झाले, कडीला हात लावला, आणि मग हात मागे घेऊन मला वाट करून दिली.

"तुमी जावा," म्हणाले.