थांबाबाई

आमच्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे थांबाबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं. दिवसातून पन्नास वेळा 'थांबा' म्हणणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? रिकामटेकड्यांना नावं ठेवायला फारसं डोकं लागत नाही, आणि दुपारच्या सुट्टीत आमच्याकडे सगळेच रिकामटेकडे असतात. मीही त्यातलाच एक.

खाणीत आणि रस्त्यांच्या कामावर राबून खिळखिळी झालेली अवजड यंत्रं आमच्याकडे दुरुस्तीला येतात. त्यांचे सांधे ज्या पिनांवर फिरतात त्या मांडीएवढ्या जाड असतात. वर्षानुवर्षं चिखल खाऊन त्या अशा अडकून बसतात की घण, जॅक, शिव्या, कशालाच दाद देत नाहीत. मग थांबाबाईला बोलावणं जातं. तिच्या टॉर्चमध्ये, म्हणजे लोखंड कापायच्या हत्यारात, एक लांब पोकळ रॉड बसतो, त्यात बारीक तारा ठासून भरलेल्या. मागून ऑक्सिजन सोडायचा, पुढचं टोक बॅटरीला जोडलेल्या पट्टीवर टेकवून ठिणगी पाडायची, की तो रॉड स्वतःच जळायला लागतो आणि समोर येईल ते वितळवत जातो. रॉड एक-दोन मिनिटांत संपतो. थांबाबाईची तयारी मात्र तास-दीड तास चालते, आणि काम झाल्यावर ती आणखी एक तास त्याच जागी बसून राहते. आमच्या साहेबांच्या कपाळाला आठ्या पडायला एवढं पुरेसं होतं.

मी गेटवर बसतो. पूर्वी स्टोअर माझ्याकडे होतं. गेटवर कसा आलो ते सांगितल्याशिवाय तिची गोष्ट पुढे सरकत नाही, म्हणून सांगतो. रडगाणं गायला नाही.

तिचा नवरा आमचा हेड मेस्त्री होता. हाताला विलक्षण गुण. यंत्राच्या अंगाला कान लावून दुखणं सांगणारा माणूस. पँटच्या मागच्या खिशात छोटासा तेलाचा डबा कायम, आणि घरी दाराची बिजागरी जरी कुरकुरली तरी पहिला हात त्या डब्याकडे. तेव्हा टॉर्चचं कामही तोच करायचा. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी त्याने ऑक्सिजनच्या सिलेंडरला रेग्युलेटर बसवला, वॉल्व्ह उघडला आणि भडका उडाला. उजव्या हाताची तीन बोटं गेली, त्याच बाजूचा डोळा गेला. रेग्युलेटरची तर राखच झाली, त्यामुळे तपासायला काही उरलंच नाही. शुद्धीवर आल्यावर मेस्त्री म्हणाला, रेग्युलेटर खराब होता. तो रेग्युलेटर माझ्या सहीने स्टोअरमधून गेला होता. मी बोंबलून सांगितलं की मी तो आदल्याच दिवशी तपासला होता. पण एक डोळा गेलेल्या माणसापुढे स्टोअरकीपरचं कोण ऐकणार? मला गेटवर बसवलं. तेव्हापासून नवा माणूस आला की त्याला दुरूनच माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "तो बघ, त्याच्यामुळे मेस्त्रीचा हात गेला."

मेस्त्री घरी बसला आणि वर्कशॉपने त्याच्या बायकोला झाडलोटीच्या कामावर घेतलं. दोन वर्षं तिने ऑफिस झाडलं. टॉर्चला मात्र हात लावायला कुणी तयार होईना. एक दिवस ती झाडू भिंतीला टेकवून साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला शिकू द्या. घरी शिकवणारा आहे." साहेब आधी हसले, मग अडकलेल्या पिनांची यादी बघून हो म्हणाले.

पुढचं मला फार उशिरा, तिच्याच तोंडून कळलं. पण जागच्या जागी सांगून टाकतो. मेस्त्रीने तिला स्वयंपाकघरात शिकवलं. स्टुलावर पाण्याचं पिंप ठेवलं, तो सिलेंडर. नळाची रबरी नळी, ती ऑक्सिजनची नळी. झाडूचा दांडा, तो रॉड. रोज संध्याकाळी भांडी झाली की ही मास्तरकी सुरू. सिलेंडर साखळीने बांध, पडला तर तोफेचा गोळा होतो. रेग्युलेटरचा स्क्रू सैल करून घे, बाजूला उभी राहा, तोंडासमोर कधीच नाही, आणि मगच वॉल्व्ह हळूहळू उघड. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लाव, बुडबुडा आला तर काम बंद. कातडी हातमोजे, कातडी एप्रन, काळ्या काचेचा मुखवटा, पँट बुटाच्या बाहेर, नायलॉनचा धागासुद्धा अंगावर नको. ती चुकली की मेस्त्री डाव्या हाताने पिंपावर टकटक करायचा. शेजघरातून सासू ओरडायची, "अरे, त्या पिंपातलं पाणी प्यायचंय आपल्याला!"

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी तो म्हणाला, "आणि ऑक्सिजनच्या आसपास तेल नको. ग्रीस नको. तेलाचा हातसुद्धा नको."

ती म्हणाली, "अहो, तुम्ही तर जन्मभर तेलाचा डबा खिशात घेऊन फिरलात. तुम्हाला हे ठाऊक होतं?"

त्याने पिंपावरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "ठाऊक होतं. नट घट्ट होता. हात आपोआप खिशात गेला. एक थेंब लावला."

तिने विचारलं, "मग स्टोअरवाल्या भाऊजींचं काय?"

"बाहेर बोलू नकोस," तो म्हणाला. "हात गेला, डोळा गेला. लोक अजून मेस्त्री म्हणतात, तेवढंच उरलंय माझ्याकडे." तिने शब्द दिला.

तो शब्द तिने चार वर्षं पाळला. रोज सकाळी गेटमधून आत येताना मला म्हणायची, "काय भाऊजी, बरं आहे ना?" मीही म्हणायचो, "बरं आहे, वहिनी." मनात म्हणायचो, बिचारी, नवऱ्याचं करते, सासूचं करते आणि वर हे आगीचं काम. मला तिचं कौतुक होतं. ते आता आठवलं की माझं मलाच हसू येतं, आणि ते हसू काही फार चांगलं नसतं.

मागच्या महिन्यात खोदाईचं एक मोठं यंत्र आलं. त्याच्या लोखंडी हाताची मुख्य पिन अडकली होती. दोन दिवस घण घालून झाले, जॅक लावून झाला, जॅकच वाकला. तिसऱ्या दिवशी थांबाबाई. पिनेच्या मधोमध आरपार भोक पाडायचं. मग ती थंड होताना आक्रसते आणि जॅकने सरकते. काम दिसायला सरळ, पण पिनेच्या पोटात ग्रीस जायची नळी असते. ती बंद राहिली आणि आत ग्रीस तापलं तर पिनच बाँब. म्हणून थांबाबाईने आधी दोन्ही टोकांचे ग्रीस भरायचे निपल काढायला लावले, ग्रीस उपसून काढलं, सगळं कोरडं पुसून घेतलं. तीस पावलांवर दोर बांधला आणि दोराजवळ मला उभं केलं, कुणी आत येऊ नये म्हणून. वाळूच्या बादल्या आल्या, आग विझवायचा सिलेंडर आला. साहेब वरच्या गॅलरीत घड्याळ बघत उभे होते.

तिच्या हाताखाली त्या दिवशी एक नवा फिटर होता. नवा म्हणजे आमच्याकडे नवा. एरवी चाळिशीचा, दुसऱ्या वर्कशॉपमधून आलेला, कामाला वाघ आणि तोंडाने त्याहून मोठा. तो रेग्युलेटर बसवत होता.

"बाई, नट अर्ध्यात अडकतोय."

"मग काढा. सिलेंडर बदलू."

"दुसरा सिलेंडर पार पलीकडच्या शेडमध्ये आहे. साहेब वर उभे आहेत." त्याने खिशातून तेलाची कुपी काढली. "एक थेंब टाकतो, झटकन बसेल."

"थांबा."

आजूबाजूचे हसले. तोही हसला. "अहो, एक थेंब!"

"ऑक्सिजनला तेल चालत नाही. भडका होतो."

"पाटीवर लिहिलंय ते मीही वाचलंय. पाटीवर तर 'धावू नका' असंही लिहिलंय. आमच्या जुन्या वर्कशॉपमध्ये सर्रास लावायचे, कुणाचा केससुद्धा वाकडा झाला नाही. आणि इथे अपघात झाला तो खराब रेग्युलेटरमुळे ना? मेस्त्रींनी स्वतः सांगितलंय. या भाऊंना विचारा की!" त्याने माझ्याकडे हात केला. पुन्हा हशा पिकला.

कुपीचं झाकण त्याने उघडलं होतं. थांबाबाई त्याच्या हाताकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मला काहीच कळलं नाही. मला वाटलं, माझी कीव करते आहे.

"माझ्या नवऱ्याने तेल लावलं होतं," ती म्हणाली.

आवाज चढवला नाही. पण शेडमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं, कारण हसणं मध्येच तुटलं होतं.

"रेग्युलेटर चांगला होता. नट घट्ट होता म्हणून त्यांनी थेंबभर तेल लावलं, वॉल्व्ह उघडला आणि हात गेला. मला त्यांनी स्वतः सांगितलंय. स्टोअरवाल्या भाऊजींची काही चूक नव्हती." मग फिटरला म्हणाली, "ती कुपी दोराच्या बाहेर ठेवून या. साबणाने हात धुवा, हातमोजे बदला. आणि तो दुसरा सिलेंडर आणा."

फिटर निघाला. कुपी त्याने माझ्या पायाशी ठेवली. मला राग आला होता, इतका की दोर टाकून निघून जावंसं वाटलं. पण दोरापाशी उभं राहायचं काम माझं होतं, म्हणून उभा राहिलो.

दुसरा सिलेंडर आला. तिने नट हाताने फिरवून पाहिला, बाजूला उभं राहून वॉल्व्ह उघडला, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं, वाकून वाकून बुडबुडे शोधले. एवढं बोलून झाल्यावरही तिने एक पायरी गाळली नाही. वितळलेलं लोखंड भोकातून उलटं अंगावर येतं, म्हणून ती पिनेसमोर नव्हे, एका अंगाला उभी राहिली. मुखवटा खाली घेतला. ठिणगी पडली आणि शेड पांढरीफटक झाली. मी मान फिरवली. रॉड वीतभर उरला की ती ऑक्सिजन बंद करायची, नवा लावायची. अकरा रॉड गेले. दुपारनंतर गार झालेली पिन जॅकच्या पहिल्याच दाबाला सरकली. साहेब गॅलरीतून केव्हाच आत निघून गेले होते.

त्याआधी, भोक पडल्यावरचा तो एक तास ती नेहमीसारखी तिथेच बसली होती. सांदीकोपऱ्यात पडलेली ठिणगी तासाभराने जागी होते, म्हणून हा पहारा. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

"चार वर्षं," मी म्हणालो. "रोज गेटवर मला 'बरं आहे ना' विचारत होतात."

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटायची, भाऊजी. रोज वाटायची." मग तिने स्वयंपाकघरातलं सगळं सांगितलं, पिंप, नळी, दिलेला शब्द. माफी मागितली नाही. मागितली असती तर मी दिली नसती, आणि बहुतेक तिला ते कळत होतं. शेवटी म्हणाली, "त्या फिटरचा हात वाचला. आता घरी जाऊन ह्यांना सांगायचंय, की तुमचं नाव गेलं."

एरवी मी कुणाच्या घरात डोकावत नाही, पण त्या संध्याकाळी गेट लावल्यावरही मी बराच वेळ तिच्याच घराचा विचार करत होतो. मेस्त्रीचा राग मला ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा मेस्त्री तिच्या बरोबर होता. सहा वर्षांत तो या रस्त्यालाही फिरकला नव्हता. उजवी काच काळी असलेला चष्मा, इस्त्रीचा शर्ट, उजवा हात खिशात. दोघांचे डोळे झोप न झालेल्यांसारखे होते. त्याचा एकच दिसत होता, पण पुरे होता. बाहेरच्या माणसाला गेटवर नोंद करावी लागते. नियम म्हणजे नियम. मी खुर्चीतूनच विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"साहेबांना."

"काम?"

त्याने खिशातून हात बाहेर काढला आणि माझ्या केबिनच्या खिडकीत ठेवला. "लिही," तो म्हणाला. "तेल मी लावलं होतं. खोटं बोललो होतो. ते सांगायचंय."

मी लिहिलं. शब्दन् शब्द लिहिला, एक अक्षर सोडलं नाही. वाटलं होतं, आनंद होईल. झाला, खोटं कशाला बोलू? मग वही त्याच्याकडे फिरवली. तो डाव्या हाताने सही करायला लागला. एकेका अक्षराला वेळ लागत होता, वही सरकत होती. थांबाबाईने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. तिच्या मागे रांग लागली होती, पण कुणी घाई केली नाही.

सही झाल्यावर ती शेडकडे गेली. तो ऑफिसच्या जिन्याजवळ जाऊन थांबला, मागे वळून म्हणाला, "येतोस का बरोबर?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि कठड्याला धरून एकटाच चढू लागला. मी खुर्ची मागे सारून उठलो, आणि तो वर पोचेपर्यंत उभा राहिलो.